सात मोकळ्या ओळी

रवि., ५ जाने.

आज अण्णांच्या पत्राचा दिवस. के. आर. पुरमचा फ्लॅट सोडून मल्लेश्वरमला अक्का-अण्णांकडे, सासू-सासऱ्यांकडे, राहायला आलो त्याला चार महिने झाले, पण हा सोहळा पहिल्यापासून शेवटपर्यंत आज पाहिला. दर महिन्याला बावीस घरांना पत्र. मजकूर एकच. अण्णा वर्ड उघडतात, वरचं नाव बदलतात, मायना बदलतात, खाली नमस्कार की आशीर्वाद ते बदलतात, प्रिंट काढतात. मग पुढचं नाव. सकाळी नऊला बसले, साडेतीनला पाठीवर हात ठेवून उठले. वय शहात्तर. बोटं मात्र अजून कीबोर्डकडे न बघता पळतात, अठ्ठावीस वर्षं टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवलीय.

म्हटलं, अण्णा, हे मी पायथनमधून दहा मिनिटांत करून देते.
"दहा मिनिटांत? मग उरलेल्या दिवसाचं काय करू गं?"

फाइल बघितली. सगळी टाइपरायटरची सवय. समासासाठी स्पेस, खाली टाइप केलेल्या सहीच्या आधी सात वेळा एंटर! माझ्या टीममध्ये कुणी अशी फाइल दिली असती तर परत पाठवली असती.

शनि., ११ जाने.

कामाला लागले. एक तक्ता: नाव, गाव, नातं, मायना, शेवट. एक नमुना पत्र, त्यात रिकाम्या जागी खुणा. स्क्रिप्ट तक्त्यातली ओळ वाचते, वर्डला सांगते ही खूण शोध, हे नाव घाल, सेव्ह कर, पुढचं. सोपं. मुलाखतीत विचारतात तेवढं.

मायना आणि शेवट कोणता हे मी वयावरून ठरवलं. अण्णांपेक्षा मोठे त्यांना नमस्कार, लहान त्यांना आशीर्वाद. दोन ओळींचा नियम, खूश होते. अण्णांनी पहिली प्रिंट बघितली आणि चष्मा काढून ठेवला.

हुबळीचे बंडूकाका अण्णांपेक्षा चार वर्षांनी लहान आहेत. पण काका आहेत. वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांना "अनेक उत्तम आशीर्वाद" गेले असते. आणि पुण्याला माझ्या आईलाही! विहीण. तिला अण्णांचे आशीर्वाद मिळाले असते तर तिनं तोंडानं काही बोलून दाखवलं नसतं, पण पुढची दहा वर्षं प्रत्येक फोनवर मला ऐकावं लागलं असतं.

नियम काढून टाकला. आता प्रत्येक नावापुढे अण्णांनी सांगितलं ते. दोन तास लागले. मध्येच प्रत्येक घराची गोष्ट, कोण कुणाकडे दत्तक गेलं, कुणाचं कुणाशी कधीपासून बोलणं नाही. मजा आली, हे कबूल करायला हवं.

रवि., १९ जाने.

लॅपटॉप तापून पंखा ओरडायला लागला. बघते तर एकोणीस वर्ड उघडे. पडद्यामागे. स्क्रिप्ट प्रत्येक वेळी नवीन उघडत होती आणि बंद करायची ओळ लिहायलाच विसरले होते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारी बाई मी. नवऱ्याला, राघवला, सांगितलं नाही, तो महिनाभर चिडवेल.

अण्णांचं वेगळंच. "दिसत का नाही ते? काय चाललंय कळायला नको?" मी म्हटलं, लपवून चालवलं की वेगात होतं. "परीक्षेत पोरगं काय टाइप करतंय ते मी मागं उभा राहून बघायचो. हे पण बघणार." सरी, बरं अण्णा. एक शब्द बदलला, वर्ड समोर दिसायला लागलं.

आणि मग ते तिघांनी बघितलं. नावं आपोआप पुसली जातायत, दुसरी उमटतायत, धारवाड जाऊन मंगळूर, मंगळूर जाऊन पुणे. अक्का खुर्ची ओढून जवळ आल्या. गेल्या जूनमध्ये झटका आला, तेव्हापासून उजवा हात मांडीवर ठेवलेला असतो, आणि बोलणं सावकाश, मोजकं. बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "पेटीवर कुणी... न बसता... वाजतीय." अण्णा इतके हसले की खोकला लागला.

अण्णांनी वेग विचारला. सांगितला. "चुका वजा करून?" म्हणाले.

गुरु., २३ जाने.

घरून काम. अक्कांची व्यायामाची बाई आली होती. डाव्या हातानं पेन धरायला सांगत होती, "एडगै अम्मा, एडगै," आणि स्वतःचा डावा हात हलवून दाखवत होती. अक्कांनी पेन घेतलं, टेबलावर ठेवलं, आणि तिला कॉफी हवी का विचारलं. दर वेळी असंच. ती गेल्यावर मी विचारलं, अक्का, चार रेघा ओढायला काय हरकत आहे?

"डाव्या हातानं... देत नाही कुणाला काही. अक्षर द्यायचं?"

त्यांचं अक्षर मी पाहिलंय, स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर. छापल्यासारखं. जिरं, धने, सांबार पुडी. चिठ्ठ्या आता पिवळ्या पडल्यात, पण रिकाम्या डब्यावरचीसुद्धा अण्णा काढू देत नाहीत.

मंगळ., ४ फेब्रु.

उद्या पाच तारीख, पत्रं पोस्टात. अण्णांना सर्दी, मीच म्हटलं तुम्ही झोपा, मी सगळं करते.

ऑफिसातून आल्यावर फाइल शेवटची बघितली. त्या फालतू जागा डोळ्यात खुपत होत्याच. "साफसफाई" नावाचं फंक्शन लिहिलं. एकापेक्षा जास्त स्पेस असतील तर एक, एकापेक्षा जास्त रिकाम्या ओळी असतील तर एक. पत्र पाऊण पानात बसलं. अण्णांची टाइप केलेली सही नीट मजकुराखाली आली. देखणं. बावीस पत्रं, तीन मिनिटं दहा सेकंद. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढून घेतल्या, घड्या घातल्या, पाकिटं चिकटवली.

अण्णांना पाकिटांचा गठ्ठा दाखवला. त्यांनी सगळे पत्ते एकेक करून वाचले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं कधी करत नाहीत. तेव्हापासून तरंगतेय.

सोम., १० फेब्रु.

सकाळी सव्वासातला धारवाडहून फोन. तारात्या, अण्णांची थोरली बहीण, वय ब्याऐंशी. मी उचलला. म्हणाल्या, "केतकी, खरं सांग. आमची वहिनी... आहे ना गं?"

म्हटलं आहेत की, अंघोळीला गेल्यात. तर रडायलाच लागल्या.

नऊपर्यंत हुबळी. बंडूकाका आडून आडून विचारत होते, "बाकी घरी सगळे... म्हणजे सगळे... ठीक?" मग मंगळूर. मग मिरज. अक्कांच्या म्हैसूरच्या चुलतजावेनं थेट विचारलं, कधी झालं, आम्हाला का कळवलं नाही. साडेदहाला ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, तेव्हा राघवचा मेसेज, "नाशिकचा मामेभाऊ निघालोय म्हणतोय, थांबवू ना?"

मला काही कळेना. पत्रात तर अक्कांबद्दल एक अक्षर नव्हतं. पाण्याची टाकी गळते, अंगणातल्या पारिजातकाला कीड लागली, मेट्रोत आता बसायला मिळत नाही, एवढंच.

संध्याकाळी अण्णांनी उरलेली एक प्रत मागितली. वाचली. खालून वर, परत वरून खाली. फूटपट्टी काढली आणि मजकूर अन् सही यांच्यामध्ये ठेवली. एक सेंटिमीटरही नाही.

"इथली जागा?"

मी सांगितलं. मी काढली. मला वाटलं चुकून...

"टायपिंगमध्ये मोकळी ओळ पण टाइप करावी लागते गं. एंटर मीच मारतो. सात वेळा. मोजून."

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

मंगळ., ११ फेब्रु.

आता सगळं कळलंय, आणि तोंड कुठं लपवू झालंय.

ती जागा अक्कांची. चाळीस वर्षं. अण्णांनी मजकूर लिहायचा, आधी टाइपरायटरवर, मग वर्डमध्ये, आणि त्या सात ओळींत अक्कांनी पेनानं प्रत्येक घराला वेगळं लिहायचं. अण्णांचं पत्र म्हणजे बातम्या, खरं पत्र ते सात ओळींचं. जूनमध्ये हात गेला. अण्णांनी पत्र थांबवलं नाही आणि जागाही सोडत राहिले. तब्येतीबद्दल पत्रात चकार शब्द नाही, कारण जागा आहे म्हणजे माणूस आहे, आज लिहिलं नाही, पुढं लिहील. बावीस घरांना हे न सांगता कळलेलं. महिना उलटला की पाकीट उघडायचं, आधी खाली बघायचं.

आणि मी ती साफ केली. फंक्शनचं नावसुद्धा काय ठेवलं होतं मी!

राघवला विचारलं, तुला माहीत नव्हतं? "अरे हो की. अक्का लिहायची ना तिथं." अरे हो की! त्याच्याशी आज बोलत नाहीये. लहानपणापासून पाकिटं चिकटवायचं काम याच्याकडे होतं, आतलं कधी वाचलं नाही म्हणे.

बुध., १२ फेब्रु.

आईचा फोन. तिला मीच सोमवारी कळवलं होतं, म्हणून ती घाबरली नव्हती. म्हणाली, विहीणबाईंची सगळी पत्रं ठेवलीत मी, थांब वाचते. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्याचं:

"तुमची लेक चहात साखर कमी घालते आणि भांडण लगेच संपवते. दुसऱ्या गुणाकडे बघून पहिला सोडून दिला आहे. काळजी नसावी."

मला हे कुणी कधी दाखवलं नव्हतं. ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. स्वच्छ रडले. मग तोंड धुऊन दोन बग बंद केले.

शनि., १५ फेब्रु.

अक्कांनी अजून या विषयावर माझ्याशी एक शब्द काढला नव्हता. फोन मात्र सगळे त्यांच्या कानावर पडलेत. अक्का जिवंत आहेत हे बावीस जणांना सांगताना अण्णांचा आवाज कसा होत होता तेही.

आज मी समोर जाऊन बसले. अक्का, चुकलं माझं. त्यांनी बराच वेळ शब्द जुळवले.

"मेले म्हणून... कोण कोण रडलं?"

मी यादी सांगितली. तारात्या सगळ्यात जास्त. मिरजकर बऱ्यापैकी. म्हैसूरवाल्या रडल्या नाहीत, रागावल्या. अक्कांनी प्रत्येक नावाला मान हलवली, म्हैसूरला जरा जास्तच. मग म्हणाल्या, "कागद आण."

मी आणला. पेन डाव्या हातात घेतलं. स्वतःहून. "अ" काढायला लागल्या. वेलांटी नव्हे, काना नव्हे, साधा अ. तो पानाच्या एका कडेपासून निघाला आणि अर्ध्या पानापर्यंत गेला. बघून त्यांनी पेन ठेवलं.

"सात ओळीत... बसायचा नाही हा."

म्हटलं, अक्का, ओळी माझ्या हातात आहेत. सात काय, सत्तर करते.

रवि., १६ फेब्रु.

"साफसफाई" पूर्ण पुसली. तिच्या जागी नवीन फंक्शन. तक्त्यात नवा रकाना, नाव "जागा", त्यात आकडा, तेवढ्या मोकळ्या ओळी सहीच्या वर. आधी मी तिथं छान बारीक चौकट आखून दिली होती, लिहायला आधार म्हणून. अण्णांनी एका नजरेत नापास केली. "चौकटीत शोकसंदेश छापतात. एकदा झालं तेवढं साकु." चौकट काढली.

मग बसलो आकडे भरायला. मला वाटलं सगळ्यांना सारखा टाकू, वीस. अक्कांनी हात वर केला. एकेक घर विचारायचं, त्या विचार करणार, सांगणार. धारवाड? "मोठी." किती मोठी? "अर्धं पान." हुबळी? "दहा." मिरज, दहा. पुणे? माझ्याकडे बघितलं. "पंधरा." म्हैसूर?

"स्वल्प."

तीन लिहिले. अण्णा म्हणाले, अगं तीन ओळीत तुझा एक काना पण मावायचा नाही. "माहीत आहे," म्हणाल्या.

गुरु., २७ फेब्रु.

रोज सकाळी कॉफीनंतर अर्धा तास. व्यायामाची बाई आश्चर्यानं बघत असते, श्रेय तिचं ती घेते, घेऊ दे. अण्णा शेजारी बसून मान वेळावतात, इन्स्टिट्यूटमध्ये बसल्यासारखे. परवा "मनगट सैल" म्हणाले. अक्कांनी पेन त्यांच्या हातात दिलं, म्हणाल्या, "डाव्यानं. तुम्ही... काढा." अण्णांचा अ अक्कांच्यापेक्षा वाईट आला. तेव्हापासून गप्प असतात.

अक्कांच्या नकळत आजही स्टॉपवॉच लावलं. सहा अक्षरं, अकरा मिनिटं. काल चौदा होती. कुणाला सांगितलं नाही. प्रत्येक गोष्ट मोजायची ही सवय वाईट.

मंगळ., ४ मार्च

स्क्रिप्ट चालवली, यावेळी तिघांसमोर, आणि प्रिंट घरीच. अण्णांनी प्रत्येक पानावर फूटपट्टी ठेवली. मग बावीस पानं अक्कांपुढे. एकवीस त्यांनी बाजूला सारली. "पुढच्या महिन्यात." धारवाडचं ठेवून घेतलं.

सकाळी दहा ते पावणेबारा. मध्ये एकदा पेन पडलं, मी उचलायला गेले तर डोळ्यांनी बसवलं. मी ऑफिसला "इंटरनेट गेलंय" कळवलं होतं. खोटं. देव बघून घेईल.

लिहिलंय ते असं, ओळ वर चढत गेलेली, शेवटचा शब्द सहीला टेकलेला:

"वन्सं, मी आहे. लोणचं संपलं."

अण्णांना घडी घालून पाकिटात टाकायचं होतं. दोनदा चष्मा पुसला. शेवटी म्हणाले, केतकी, स्वल्प थांब, आणि मागच्या अंगणात जाऊन आले.

गुरु., १३ मार्च

तारात्यांच्या नातजावयाबरोबर धारवाडहून बरणी आली. पाच किलो तरी असेल. बरोबर चिठ्ठी: "हे संपेपर्यंत लिहीत राहा." अक्कांनी बरणीवर चिठ्ठी चिकटवायला सांगितली. मी "लोणचं" लिहायला पेन घेतलं तर म्हणाल्या, नको. स्वतः लिहिलं. बरणीला अर्धा वेढा पडला. जिऱ्याधन्याच्या डब्यांशेजारी ठेवलीय, येता-जाता नजर जाते.

म्हैसूरचं पत्रही आलं. तीन रिकाम्या ओळींबद्दल विचारलंय, आमचा काही राग आहे का. अक्का दिवसभर खुशीत.

शुक्र., २८ मार्च

पाच तारखेला पोस्ट. तक्ता अण्णांनी स्वतः भरला, मी ऑफिसातून येईपर्यंत तयार. या खेपेला तीन घरांना लिहिणार म्हणे, धारवाड, मिरज, पुणे. धारवाडचा आकडा अर्ध्या पानावरून अठरावर आलाय. अक्षर लहान होतंय. मी आकडा तीनदा वाचला.

स्क्रिप्ट चालवली. शेवटी छापून आलं: एकूण पत्रं २३.

चूक वाटली. मोजणी शून्यापासून की एकपासून, ही माझी नेहमीची भीती. कोड तपासला, बरोबर. तक्ता उघडला. शेवटची ओळ नवी.

नाव: चि. सौ. केतकी. गाव: वरची खोली. मायना, शेवट, सगळं रीतसर. जागा: ३०.

पान बघितलं. वर टाकीची तीच बातमी, पारिजातक सुधारल्याची, खाली अण्णांची सही, आणि मधे पांढरं. मी वळून बघितलं तर अण्णा वर्तमानपत्रात डोकं खुपसून, उलटं नव्हतं एवढंच.

अक्कांना म्हटलं, मी इथंच तर आहे, काय लिहायचंय ते सांगा की.

"सगळं... सांगत नाहीत."

बरं, मग कधी?

"वेळ लागेल मला. तीस आहेत."

शनि., ५ एप्रि.

बावीस पाकिटं पोस्टात टाकली, मी आणि अण्णा चालत गेलो, येताना कॉफी. त्यांनी मला विचारलं, तुझ्या त्या स्क्रिप्टला आता दहा मिनिटं लागतात का? म्हटलं तीन. "आमचा तर आख्खा आठवडा जातो हल्ली," म्हणाले, आणि फार समाधानानं म्हणाले.

तेविसावं अक्कांच्या टेबलावर आहे, चष्म्याच्या डबीखाली. दुपारी तिथून जाताना दिसलं, वरच्या कोपऱ्यात काहीतरी सुरू केलंय, एक उभी रेघ आणि तिला जोडून अर्धी. क असेल. न बघता पुढे गेले.